आकाशमार्ग कोणासाठी?

शहरातले रस्ते तुंबले की नियोजनकारांची दृष्टी आकाशाकडे वळते. हे आजचे नाही. आज मात्र या दृष्टीमागे मोठे भांडवल उभे आहे. विजेवर चालणारी, धावपट्टीवाचून सरळ वर उठणारी आणि सरळ खाली उतरणारी लहान विमाने, म्हणजेच 'हवाई टॅक्सी', महानगरांची कोंडी फोडतील असे सांगितले जात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंटरग्लोब या भारतीय उद्योगसमूहाने आर्चर या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार केला. त्या वेळी दिल्लीतील कनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंतचा तास-दीड तासाचा प्रवास सात मिनिटांत होईल, २०२६ मध्ये सेवेस आरंभ करण्याचा मानस आहे आणि पुढे मुंबई व बंगळूर येथेही ती नेली जाईल, असे जाहीर झाले. या आश्वासनांकडे दिल्ली-मुंबईच्या नजरेने पाहणारे पुष्कळ आहेत. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या, मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या पिंपळगाव रेणुकाईच्या नजरेने त्यांकडे पाहिले, तर काय दिसते?

प्रथम इतिहासाची साक्ष काढणे इष्ट ठरेल. न्यूयॉर्क शहरात पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने विमानतळावर प्रवासी नेण्याची सेवा पूर्वी चालत असे. १६ मे १९७७ रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार मोडला, ते कलंडले आणि त्याच्या फिरत्या पात्यांनी चौघांचा बळी घेतला. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर कोसळून एक पादचारीही मृत्युमुखी पडला. गच्चीवरील सेवा त्या दिवशी संपली ती कायमची. या अपघाताचा बोध असा की शहराच्या आकाशातील उड्डाणाची जोखीम केवळ तिकीट काढणाराच घेत नाही. ज्याने तिकीट काढले नाही, ज्याला उड्डाणाची वार्ताही नाही, तो खालचा माणूसही त्या जोखमीत भागीदार असतो.

नवे तंत्र हेलिकॉप्टरपेक्षा अधिक निर्धोक आहे, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे व त्यात तथ्यही आहे. एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक लहान पंखे असल्याने एखादा बंद पडला तरी यान तोल राखू शकते, आणि आवाजही कमी होतो. परंतु खरी अडचण बॅटरीची आहे. विमानाच्या एक किलो इंधनात जेवढी ऊर्जा सामावते, तिच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीही ऊर्जा आजच्या चांगल्या बॅटरीत एका किलोमागे साठत नाही. शिवाय सरळ वर उठताना आणि उतरताना सर्वांत अधिक शक्ती खर्च होते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार! त्यातच आपल्याकडचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, उचल कमी मिळते आणि बॅटरीही तापते. युरोपच्या थंड हवेतील आकडे मराठवाड्याच्या मे महिन्यात, किंवा मुंबईच्या जुलैतील पावसात, जसेच्या तसे लागू पडतील असे मानणे भोळेपणाचे होईल.

बाजारानेही आपला कौल काही अंशी दिला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याची घोषणा करणारी जर्मनीची व्होलोकॉप्टर कंपनी तेथे एकही प्रवासी भाड्याने नेऊ शकली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिलियमने आणि डिसेंबरात व्होलोकॉप्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला. उलट चीनने ऑक्टोबर २०२३ मध्येच वैमानिकाविना उडणाऱ्या दोन आसनी यानास प्रमाणपत्र दिले. तंत्र मृगजळ नाही, पण ते परिपक्वही नाही, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

परंतु ते परिपक्व झाले तरी महानगराची कोंडी फुटेल काय? साधा हिशेब करावा. एका तळावरून दर पाच मिनिटांस चार प्रवाशांचे एक यान उडाले, तर तासात ४८ माणसे जातील. गर्दीच्या वेळी मुंबईची बारा डब्यांची एक लोकल चार हजारांहून अधिक माणसे वाहते. एवढी माणसे नेण्यास त्या तळाला अहोरात्र साडेतीन दिवस राबावे लागेल. तेव्हा हवाई टॅक्सी ही काही थोड्यांना कोंडीतून सोडवील. कोंडी मात्र सोडविणार नाही. धनिकांनी आपल्या पैशाने वेळ विकत घ्यावा यास हरकत घेण्याचे कारण नाही. तळांसाठी सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक तिजोरी पुढे केली जाऊ लागली, तर मात्र हरकत घ्यावीच लागेल.

मग या तंत्राचा खरा उपयोग कोठे? जेथे रस्त्यावर गर्दी नाही पण अंतर आहे, आणि जेथे मिनिटांचे मोल पैशांत होत नाही, तेथे. सर्पदंश झालेला शेतमजूर, रक्तस्राव होत असलेली बाळंतीण, अपघातात सापडलेला ट्रकचालक यांना जिल्ह्याच्या वा विभागाच्या रुग्णालयात पोचेपर्यंत जो वेळ लागतो, तोच पुष्कळदा त्यांचा शत्रू ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने ३०० लसमात्रा धाडण्यात आल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे लागणारे हे काम नऊ-दहा मिनिटांत झाले. आफ्रिकेतील रवांडा देशात २०१६ पासून ग्रामीण रुग्णालयांना ड्रोनने रक्त पुरविले जाते. आपल्याकडेही मद्रासच्या आयआयटीतून पुढे आलेल्या ई-प्लेन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ७८८ हवाई रुग्णवाहिका पुरविण्याचा करार जाहीर केला. देशातील प्रत्येक जिल्ह्यास एक, अशी त्यामागची कल्पना आहे.

कल्पना उदात्त आहे, पण तीही डोळसपणे स्वीकारावी लागेल. मे २०२५ मध्ये ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर रुग्णवाहिका केदारनाथ येथे उतरताना मोडली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. यान मिळाले म्हणजे सेवा मिळाली असे नव्हे. तिला उतरण्याची जागा, भारनियमनाने खंडित न होणारी वीज, प्रशिक्षित माणसे आणि ज्या रुग्णालयात न्यावयाचे तेथे डॉक्टर, एवढे सगळे लागते. विंचूदंशावरील उपचारात क्रांती घडविणारे डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातलेच. त्यांचे संशोधन महानगरातल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर रायगडमधील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून उभे राहिले. जेथे दुखणे, तेथेच उपायाची परीक्षा, हा धडा विमानविद्येनेही घ्यावयास हवा.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. २०२४ च्या जून-जुलैत मराठवाड्याच्या अनेक गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले. लोक काठ्या घेऊन जागू लागले. याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील प्रकाराचे पडसाद विधिमंडळातही उमटले. ड्रोन कोणाचा, कशासाठी आणि कोणाच्या अनुमतीने उडतो, हे ग्रामस्थांना सांगू शकणारी यंत्रणा गावपातळीवर नव्हती. २०२१ च्या ड्रोन नियमांनी नोंदणी, क्रमांक, हिरवे-पिवळे-लाल टापू हे सारे ठरविले आहे. वजनाची मर्यादा ३०० वरून ५०० किलोपर्यंत वाढवून हवाई टॅक्सीचीही सोय पाहिली आहे. हिरव्या टापूत ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीही लागत नाही. उडविणाऱ्याचा एवढा विचार करणाऱ्या नियमांत, ज्याच्या डोक्यावरून ते उडते त्याचा विचार अभावानेच आढळतो.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. सार्वजनिक पैसा प्रथम रुग्णवाहिका, रक्त आणि औषधे यांच्या वाहतुकीस द्यावा. प्रवासी टॅक्सीने स्वतःच्या भांडवलावर उभे राहावे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाजवळ उतरण्याची जागा आजच राखून ठेवावी, कारण उद्या ती मिळणार नाही. आणि गावावरून कोणते यान गेले याची नोंद पोलीस ठाण्यात व ग्रामपंचायतीत कोणासही पाहता यावी. या तीनही गोष्टींना परदेशी तंत्र लागत नाही. इच्छाशक्ती लागते.

जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. नव्या कायद्याखालचे नियम अजून घडत जाणार आहेत. ते घडताना पिंपळगाव रेणुकाईचा आवाज ऐकला गेला नाही, तर नंतरची तक्रार वरातीमागून आलेल्या घोड्यासारखी ठरेल. जमिनीच्या वाटपात खेड्यांच्या वाट्यास काय आले हे सर्वज्ञात आहे. आकाशाची वाटणी अद्याप व्हावयाची आहे.