नांगराची निशाणी

आमच्या खापरपणजोबांच्या दारी बारा घोडी बांधलेली असत आणि खुद्द मामलेदार त्यांच्यासमोर जोडे काढून उभा राही, अशी कथा आमच्या घराण्यात लग्नकार्याच्या पंगतींतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. बारा घोड्यांच्या घरात एकही खुंटा शिल्लक कसा नाही, असे मी लहानपणी विचारले तेव्हा आजीने मला पानाकडे लक्ष देऊन जेवायला सांगितले होते.

भीमथडीतील ते घर पाडताना माळ्यावरून मोडी कागदांचा जो एक रुमाल खाली आला, त्याने ही घोडी सोडून नेली. त्यात खापरपणजोबांनी एकाच सावकाराला लिहून दिलेली तीन कर्जखते निघाली. मधले शके 1791 चे, आणि दर दोहोंत तीन वर्षांचे अंतर. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर फिर्याद लावण्यास तीनच वर्षे ठेवली होती, आणि कुळाच्या हिताच्या म्हणून गणल्या गेलेल्या या तरतुदीचा परिणाम असा झाला की, मुदत भरत आली म्हणजे सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. आमच्या पूर्वजांचे ऋण असे खतागणिक फुगत गेले, अखेरच्या खतात बैलजोडीही तारण पडली. तिन्ही खतांच्या शेवटी सहीच्या जागी ‘निशाणी नांगराची’ असे शब्द आणि शेजारी तो नांगर आहे. पहिले दोन लेखकाच्या सराईत हाताचे. तिसरा मात्र वाकडा, इसाड उगाच लांबलेले, फाळापाशी शाई पसरलेली. तो त्यांनी स्वतः काढला असावा, असे मी मानतो, कारण त्यांच्या हातचे दुसरे काहीच आमच्यापाशी नाही.

परंतु मूळ खत सावकाराच्या पेटीत असायचे. ते कुळाच्या माळ्यावर कसे? 12 मे 1875 रोजी याच भीमथडीतील सुपे येथे रयतेने सावकारांची दुकाने फोडून खतांची होळी केली, तो दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला आणि सरकारला चौकशी करून 1879 चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला, हे सर्वश्रुत आहे. आमची खते कोणत्या वाटेने घरी आली, याचा दाखला अर्थातच कोणी लिहून ठेवलेला नाही. मला तो न लिहिलेला दाखला बारा घोड्यांपेक्षा अधिक अभिमानास्पद वाटतो, इतकेच.

घराण्यांचे इतिहास आपण बहुधा सनदा आणि वंशावळी यांवरून लिहितो, आणि म्हणून त्यांत सारेच पूर्वज शूर व दानशूर असतात आणि सुना निनावी. वास्तविक तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्या सुनांची नावे सापडतात, आणि कोतवाल बुकात पटकीने गेलेले मूलही सापडते, मग त्याचे स्वतःचे नाव नसून केवळ बापाचे असो.

अलीकडे कुणबी नोंदींच्या निमित्ताने महसुली दफ्तरखान्यांतील मोडी रुमाल सोडले गेले, तेव्हा ते वाचणारे शोधत फिरण्याची वेळ प्रशासनावर आली. जातीच्या दाखल्यापुरती एक ओळ उतरवून घेऊन रुमाल पुन्हा बांधून ठेवणे हे धान्याच्या कोठारात शिरून मूठभर दाणे खिशात घालण्यासारखे आहे. शासनाने या कागदांची गाववार सूची करून ती सामान्य माणसाला खुली करावी आणि दर जिल्ह्यास मोडी जाणणारा एक तरी कायम कारकून नेमावा.

आणि जुने घर पाडायला निघालेल्यांस एक विनंती: मजुरांना माळ्यावर चढवण्यापूर्वी आपण एकदा चढा. रुमाल हाती लागलाच, तर तो रद्दीवाल्यास देण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवून घ्या.