प्रश्न की निकाल?

एम.एड. करणारे तरुण लघुप्रबंधाचा आराखडा दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी संशोधन प्रश्न वाचतो. 'मुस्लीम समाज शिक्षणाबाबत उदासीन का?' हा ठरलेला. हा प्रश्न नव्हे, निकाल आहे. उदासीनता गृहीत धरली, आता फक्त पुरावे गोळा करायचे. 'सगळी मुले मदरशात जातात' असेही गृहीत होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात ती जेमतेम ४ टक्के निघाली.

त्यापेक्षा असे विचारा: १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. परळ-लालबागच्या गिरण्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते. संपानंतर त्यांच्या मुलामुलींची शाळा कोणत्या इयत्तेत सुटली? संपाआधीपेक्षा फरक पडला का? शाळेचे जनरल रजिस्टर आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती यांतून हे तपासता येते. 'काहीच फरक पडला नाही' असेही निघू शकते.

आपल्यालाही हाच नियम. 'मुस्लिमांवर अन्याय कसा झाला?' हाही निकालच. आपल्याला नको असलेले उत्तर ज्यातून येऊ शकते, तोच खरा संशोधन प्रश्न. अशाच अभ्यासाला विरोधकही सहज झटकू शकत नाही.