शंभर नावांच्या यादीत ग्राहक किती?

नेटवर्क मार्केटिंगच्या सेमिनारला गेलेल्या नव्या माणसाच्या हातात मालाच्या आधी कोरा कागद येतो. त्यावर शंभर नावं लिहायची: मामा, मावशी, साडू, व्याही, शाळेतले मित्र, दूधवाला. ‘हीच तुमची बाजारपेठ’ असं व्यासपीठावरून सांगितलं जातं आणि टाळ्या पडतात. सेमिनार भुसावळात असो, जळगावात असो की यावलच्या एखाद्या मंगल कार्यालयात, कागद तोच. माझं म्हणणं असं, की त्या शंभरांत नकार न देऊ शकणारे पुष्कळ असतात, ग्राहक क्वचितच असतो.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. हे लोक म्हणतात, कंपनी जाहिरातीवर कोट्यवधी उधळते, तोच पैसा विकणाऱ्याला मिळाला तर बिघडलं कुठे? दुकानाला भांडवल लागतं, गाळा लागतो. इथे घरातली बाई रिकाम्या वेळात चार पैसे कमावते. यात खोटं काही नाही. घरोघरी जाऊन माल विकणं हा जुना आणि सभ्य धंदा आहे. वाद आहे तो गिऱ्हाईक कुठे शोधायचं याबद्दल.

पहिला दावा असा: साबण, टूथपेस्ट सगळ्यांनाच लागते, म्हणून प्रत्येक माणूस आपला ग्राहक. पण साबण लागतो तो यावलच्या किराणा दुकानातही मिळतो, स्वस्तात मिळतो आणि महिनाअखेरच्या उधारीवर मिळतो. महाग साबण माणूस घेतो तो बहुधा ‘प्लॅन’साठी. प्लॅनचा हिशोब तर पाचवीतल्या पोरालाही जमेल. एकाने पाच जोडायचे, त्या पाचांनी पाच-पाच. सहाव्या पायरीवर 15,625 माणसं लागतात, सातव्या पायरीवर 78,125. 2011 च्या जनगणनेत यावल शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आत होती आणि अख्ख्या तालुक्याची तीन लाखांच्या आत. आठव्या पायरीला 3,90,625 माणसं लागतात, म्हणजे तालुक्यातली पाळण्यातली पोरंसुद्धा धरून पुरत नाहीत. शेवटच्या पायरीवरच्यांना जोडायला कुणी उरत नाही आणि सगळ्यात जास्त माणसं त्याच पायरीवर असतात. मेहनत कमी पडली म्हणून त्यांना हिणवणाऱ्या ‘लीडर’ने आधी हा गुणाकार करून पाहावा.

दुसरा दावा जास्त चलाख आहे. ‘चांगलं हॉटेल सापडलं की तुम्ही मित्राला सांगताच ना? आम्ही त्या सांगण्याचे पैसे देतो, एवढंच.’ याचं उत्तर यावल-रावेरच्या केळीबागांत सापडतं. नव्वदच्या दशकापासून या पट्ट्यात ठिबक आणि ग्रँड नैनची ऊतिसंवर्धित रोपं पसरली. भवरलाल जैन यांच्या जळगावच्या जैन इरिगेशनचा त्यात मोठा वाटा. रोप महाग, ठिबकचा खर्च वेगळा, आणि कंद लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. तरी शेतकरी वळला, कारण शेजारच्या बांधावर उभं राहून त्याने एकसारखी निसवण पाहिली, घड मोजले, किती महिन्यांत कापणी झाली ते विचारलं. शेजाऱ्याच्या सांगण्याला वजन होतं, कारण त्या सांगण्यात त्याचं कमिशन नव्हतं. हॉटेल सुचवणाऱ्या मित्राच्या खिशात त्या हॉटेलचे पैसे आहेत हे कळलं, की तुम्ही त्या हॉटेलात जाल, पण मित्राचं पुन्हा ऐकणार नाही. शिफारशीची किंमत ती फुकट असण्यात आहे. तिचा भाव ठरवला की ती जाहिरात होते, आणि जाहिरात करणारा साडू कुणालाच नको असतो.

त्याच केळीबागांत आता तिसरा प्रकार शिरतो. ‘टार्गेट’ म्हणून केळीवाला नेमका हेरला जातो. करप्याने पानं वाळलेली, सीएमव्ही या विषाणूमुळे रोपं उपटावी लागलेली, मे-जूनच्या वादळात बाग आडवी झालेली, अशा वेळी दारात बाटली येते: ड्रिंचिंग करा, घडाचं वजन वाढेल, आणि तुम्हीच चार शेतकरी जोडले तर बाटली फुकटात पडेल. ही ग्राहकाची निवड म्हणायची की अडचणीची? कीटकनाशक विकायला 1968 च्या कायद्याखाली परवाना लागतो. खतांना 1985 चा खत नियंत्रण आदेश आहे आणि 2021 पासून ‘टॉनिक’ म्हणून खपणारी जैव-उत्तेजकंही त्याच आदेशाखाली आणली आहेत. कृषी सेवा केंद्राचं बिल असलं तर माल फसल्यावर कृषी अधिकाऱ्याकडे जाता येतं. मोटारसायकलच्या डिकीतून साडूने आणलेल्या बाटलीची तक्रार कुणाकडे करायची? आणि कुणाची, साडूची?

बेकार पदवीधर, निवृत्त शिक्षक, केळीचे पैसे नुकते हाती आलेला शेतकरी ही नावं ‘प्रॉस्पेक्ट’च्या यादीत वर का असतात, हे त्यावरून कळावं. एकाला गरज आहे, दुसऱ्याकडे रक्कम आहे. मालाची निकड मात्र कुणालाच नाही. 2011 मध्ये स्पीक एशिया नावाच्या कंपनीने तर माल विकण्याचा देखावाही फारसा ठेवला नव्हता. ऑनलाइन सर्वेक्षणं भरण्यासाठी वर्षाला 11,000 रुपये वर्गणी, आणि पुढे माणसं जोडण्याचं कमिशन. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत प्रकरण गेलं आणि लाखो लोकांचे पैसे अडकले. अॅमवेची गोष्ट वेगळी, तिथे माल खरा आहे. तरीही एप्रिल 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड योजनेचा आरोप ठेवून तिची सुमारे 757 कोटींची मालमत्ता जप्त केली. म्हणजे माल खरा असला तरी प्रश्न संपत नाही.

मग करायचं काय? याच अॅमवेच्या अमेरिकेतल्या खटल्यात उत्तर आहे. 1979 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पिरॅमिड ठरवलं नाही. कारणांपैकी एक असं, की बोनस हवा असेल तर वितरकाने महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना माल विकल्याचं दाखवावं, असा तिचा नियम होता. नियम कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती पाळला गेला, यावर वाद होऊ शकतो. कसोटी मात्र बिनतोड आहे. साखळीत नसलेला आणि कधी येणारही नसलेला माणूस, छापील किमतीला, दुसऱ्यांदा माल मागतो का? मागत असेल तर तो ग्राहक. असे दहा मिळाले तर धंदा आहे, तीनच मिळाले तर माल बदला. शोधही तिथूनच सुरू होतो. त्या दहांत सारखं काय आहे ते पाहा: सगळ्या तान्ह्या मुलांच्या आया आहेत का, मधुमेही आहेत का, फैजपूरला कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत का? अकरावा त्यांच्यासारख्यांतच सापडेल, मामाच्या घरी नाही.

आपला कायदाही याच बाजूने आहे. माणसं जोडण्यावर चालणारा पैशांचा खेळ 1978 पासून बेकायदा आहे. डिसेंबर 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिडला मनाई केली, प्रवेश शुल्क घेण्यावर बंदी घातली, आणि ओळखपत्र नसताना किंवा आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, असंही सांगितलं. ‘जॉइनिंग किट’च्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर त्याला हे नियम दाखवा.

आणि तुमच्यापुढे तो कोरा कागद सरकवला गेला, तर पेन उचलण्याआधी एवढंच मागा: तुम्हाला जोडणाऱ्या ‘अपलाइन’ने गेल्या महिन्यात साखळीबाहेरच्या दहा गिऱ्हाइकांना दिलेली दहा बिलं. ती दिसेपर्यंत मामाचं नाव लिहू नका.