निर्माता नावाचा, मालकी दुसऱ्याची

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली, आणि बोईसर-पालघर पट्ट्यातील तरुणाचे भवितव्य कारखान्याच्या भोंग्याशी बांधले गेले, अशी समजूत रूढ झाली. या समजुतीला छेद देणारा एक व्यवसाय आता तेथील चाळींतून आणि पाड्यांवरून उभा राहू पाहत आहे. एक संगणक, कानाला हेडफोन आणि रात्रीची शांतता एवढ्या भांडवलावर हळदीची, कोळ्यांची, तारप्याच्या ठेक्यावरची गाणी तयार करून देणारा हा तरुण स्वतःला 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणवितो. घरोघरी त्याच्याविषयी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : यात पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर कौशल्यापेक्षा मालकीत दडलेले आहे.

कारण 'निर्माता' या शब्दाचा व्यवसायातील अर्थ आणि कायद्यातील अर्थ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे त्यासाठी पुढाकार घेणारी व जबाबदारी उचलणारी व्यक्ती. बहुधा पैसा घालणारी. रात्रभर जागून ठेका, स्वर आणि वाद्यमेळ जुळविणारा नव्हे. वाद्यमेळाची मांडणी ही तर कायद्याच्या लेखी मूळ चालीचे केवळ रूपांतर! गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भव्यता दिली. श्रेयनामावलीत त्यांचे नाव 'सहायक' म्हणून आले तरी पुष्कळ झाले, अशी त्या काळाची रीत होती.

संगीतकारांची स्थितीही दीर्घकाळ फारशी बरी नव्हती. मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या संगीतावर, विरुद्ध करार नसल्यास, चित्रपटनिर्मात्याचाच हक्क, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. २०१२ च्या दुरुस्तीने परिस्थिती पालटली. आता गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील, म्हणजे रॉयल्टीतील, समान वाटा करारानेही हिरावून घेता येत नाही आणि चित्रपटबाह्य गाण्यांनाही हे संरक्षण आहे. म्हणजे बोईसरच्या तरुणाने चालही स्वतः बांधली असेल, तर तो मजूर नसून संगीतकार आहे. स्वतःच्या पुढाकाराने ध्वनिमुद्रण केले असेल, तर कायद्याच्या अर्थानेही निर्माता आहे. हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. हे ठाऊक नसल्यामुळे दोन-चार हजारांच्या एकरकमी बिदागीत, पुढे साठ वर्षे उत्पन्न देऊ शकेल अशी मालमत्ता कागदावर सही करून सोडून दिली जाते.

बिदागी तरी वेळेवर मिळावी! लग्नसराई आणि गणेशोत्सव सरला की काम आटते, आणि उधारी मात्र पावसाळाभर रेंगाळते. केंद्राच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म उद्योग म्हणून नाव असल्यास ग्राहकाने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट व्याज चक्रवाढीने द्यावे लागते. नोंदणीला शुल्क नाही. तरीही ती करणारे विरळा, कारण आपला व्यवसाय हा 'उद्योग' आहे यावर खुद्द व्यावसायिकाचाच विश्वास नसतो.

मात्र हाच तरुण दुसऱ्या टोकाला धनको नव्हे, ऋणको असतो. जव्हार-विक्रमगडकडचा एखादा वृद्ध तारपावादक त्याच्या मोबाइलपुढे घटकाभर वाजवितो; तो सूर कापून, जोडून दहा गाण्यांत वापरला जातो. वादकाच्या हाती चहा आणि फार तर शंभराची नोट. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्याने वादकालाही सादरकर्त्याचे हक्क दिले आहेत, आणि त्याच्या संमतीवाचून केलेले ध्वनिमुद्रण त्यांचा भंग ठरते. मुंबईतील कंपनीकडून लेखी करार मागणाऱ्याने तोच कागद आधी त्या झोपडीत न्यायला हवा, वादकाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायला हवा, आणि गाण्याखाली त्याचे नाव घालायला हवे.