सर्वात कमी दर, पण कुणाच्या जिवावर?

नगरपालिका असो की जिल्हा परिषद, निविदा उघडल्या की चर्चा होते ती एकाच आकड्याची: अंदाजपत्रकीय दरापेक्षा ठेकेदार किती टक्के खाली गेला. वीस टक्के ‘बिलो’ आली तर स्थायी समिती समाधानाने मंजुरी देते आणि तेवढा पैसा वाचला असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्या दिवशी ठरते ती फक्त किंमत. वस्तू वापरण्याचा, दुरुस्तीचा आणि शेवटी तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च पुढची अनेक वर्षे गावावर पडत राहतो, आणि काही खर्च तर पालिकेच्या वहीत कधीच येत नाही, कारण तो कामगाराच्या ताटातून वसूल झालेला असतो. हे दोन्ही खर्च निविदेच्या अटींतच मोजले गेले पाहिजेत.

रस्त्यावरचा एलईडी दिवा घ्या. तो रोज साधारण अकरा तास, म्हणजे वर्षाला चार हजार तास जळतो. समजा, दोन दिवे सारखाच उजेड देतात. त्यातला एक पाचशे रुपयांनी स्वस्त आहे, पण वीस वॉट जास्त खातो. वर्षाला 80 युनिट जादा, सात वर्षांत 560. युनिटला सात रुपये धरले तरी 3,920 रुपये झाले. शिवाय स्वस्त दिव्याचा ड्रायव्हर पावसाळ्यातल्या विजेच्या चढउतारात आधी जातो. मग शिडीची गाडी, वायरमन आणि अंधारातला रस्ता आलाच. पण वीजबिल विद्युत विभागाच्या एका लेखाशीर्षात आणि खरेदी दुसऱ्यात असल्यामुळे हा तोटा कुणाच्याच नावावर चढत नाही. युरोपीय संघाने 2014 च्या खरेदी निर्देशात वस्तूच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च धरून निविदा ठरवण्याची सोय केली. ही बेरीज आपल्या कोणत्याही पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला सहज जमेल. ती करायला त्याला सांगितलेच जात नाही.

मजुरीवर चालणाऱ्या कामांत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. सफाईच्या ठेक्यात बहुतेक खर्च वेतनाचाच असतो आणि किमान वेतन कायद्याने ठरलेले असते. तरीही कुणी अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्के खाली येत असेल, तर ते पंचवीस टक्के येतात कुठून? भविष्य निर्वाह निधी बुडवून, हातमोजे आणि गमबूट न देऊन, हजेरीपटावरची आणि प्रत्यक्षातली माणसे वेगळी ठेवून. यात पालिकेला हात झटकता येत नाहीत. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या पालिकेवर, टाकली होती. मुंबईत 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उचलून धरला. त्यासाठी कामगारांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. म्हणून वेतन आणि वैधानिक देणी यांची किमान रक्कम निविदेतच गोठवावी आणि स्पर्धा फक्त उरलेल्या भागावर व्हावी.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की, कमीत कमी दर हा एकच निकष वादातीत असतो; गुणवत्ता आणि पर्यावरणाला गुण द्यायला लागलो की मर्जीतल्या ठेकेदाराला रान मोकळे. लेखापरीक्षणाची भीती बाळगून काम करणाऱ्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही तो निकष आधार वाटतो, आणि ती भीती खोटी नाही. पण आजही खेळ होतो तो दर उघडण्याच्या आधी: वार्षिक उलाढालीची अट एवढी ताणायची की दोन-तीनच जण पात्र ठरावेत. उपाय म्हणजे निकष आधी जाहीर करणे, ते मोजता येतील असे ठेवणे आणि दिलेले गुण सर्वांना पाहता येतील अशी व्यवस्था करणे. केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर 2021 मध्ये निवडक कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त तीस टक्के भार देण्याची मुभा दिली. ती केंद्राच्या खात्यांसाठी आहे, पण मर्यादा घालून गुणवत्ता मोजता येते एवढे तिने मान्य केले.

दुसरा आक्षेप क्षमतेचा: बचत गटांना, छोट्या संस्थांना मोठे काम झेपत नाही. त्यासाठी 2024-25 च्या शालेय गणवेशाचे उदाहरण दिले जाते. राज्याने कापड एकगठ्ठा घेतले, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. शाळा सुरू होऊन गेल्या तरी अनेक मुलांना गणवेश नव्हते आणि मिळाले त्यांतले कितीतरी मापात बसेनात. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. माझ्या मते यात शिवणाऱ्या बायकांचे कौशल्य नापास झाले नाही. सारे कापड एका निविदेला टांगले गेले, ते वेळेवर पोचले नाही आणि शिलाईचा दर गटांना परवडेना. उलट पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते आहे. तिच्या हजारो सभासदांत बहुसंख्य महिला आहेत. सभासद कचरा वेगळा करून विकतात, त्यामुळे डेपोवर जाणारा कचराही घटतो. काम वॉर्डावॉर्डांत वाटता येत होते, म्हणून ते झेपले. तालुक्याच्या ठेक्याचे दहा लहान भाग केले, तर दहा गट पुढे येऊ शकतात.

मात्र ते टिकतील की नाही, हे देयकावर ठरेल. मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो. गटाच्या सचिवाला दुसऱ्याच महिन्यात सुताचे आणि मजुरीचे पैसे द्यायचे असतात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांत द्यावे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. पण नोंदणी नसलेल्या गटाला त्याचा आधार नाही, आणि नोंदणी असली तरी पुढचे काम हवे असणारा पुरवठादार पालिकेकडे व्याज मागायला धजत नाही. म्हणून ही मुदत प्रत्येक पालिकेने स्वतःच्या निविदेत लिहावी, आणि कोणते देयक किती दिवस कोणत्या टेबलावर पडून आहे, याचा तक्ता दर महिन्याला सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.