कास्यानचा प्रश्न

आमच्या वाचनमंडळात तुर्गेन्येव्हच्या 'शिकाऱ्याची टिपणे' या पुस्तकाचा विषय निघाला, तेव्हा एका मैत्रिणीने फटकन विचारले, "पाखरे मारणाऱ्याचे निसर्गप्रेम आपण वाचायचे कशाला?" मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

पहिली गोष्ट ही की, १८५२ साली ग्रंथरूपाने आलेल्या या पुस्तकात शिकार फारच थोडी आहे. बंदूक आणि कुत्रा ही घराबाहेर पडण्याची निमित्ते. एरवी जमीनदाराचा हा मुलगा भूदासांच्या झोपडीत कशाला गेला असता? येर्मोलाय या शिकारी भूदासाचेच पाहा. महिन्याकाठी ग्राउस आणि तित्तर यांच्या दोन जोड्या मालकाच्या मुदपाकखान्यात पोचवायच्या, बाकी त्याने कुठेही राहावे, काहीही खावे. दारूगोळादेखील मालक देत नाही. आणि हा येर्मोलाय आपल्या वालेत्का नावाच्या कुत्र्याला कधी खाऊ घालत नाही. कुत्रा हुशार जनावर, आपले पोट आपण भरील, हे त्याचे तत्त्वज्ञान! मालकाचे तत्त्वज्ञान तेच, हे तुर्गेन्येव्ह जाता जाता हसत सांगून टाकतो. रशियातील भूदासपद्धती १८६१ साली गेली. तिच्यावर लिहिलेली कितीतरी आवेशपूर्ण पाने या कुत्र्यापुढे मला फिकी वाटतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. माझ्या मैत्रिणीचा प्रश्न त्याच पुस्तकात कास्यान नावाचा एक ठेंगणा, विक्षिप्त म्हातारा विचारतो. शिकाऱ्याने गवतातले एक पाखरू पाडलेले असते. खाण्यासाठी मारले, असे तो म्हणतो. म्हातारा ते मानत नाही. तुम्ही करमणुकीसाठी मारलेत, असे तोंडावर सांगतो. तुर्गेन्येव्हने पुढेही शिकार सोडली नाही. पण या म्हाताऱ्याला निरुत्तर करील असे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडी घातले नाही. हा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, हे योग्यच झाले. पण आम्ही काही मारत नाही, एवढ्यावरून आमचे पाखरांवर प्रेम आहे असे ठरते काय? आमच्या वर्गात लावा आणि तित्तर यांतला फरक किती जणांना सांगता येईल? सालिम अलींचा पक्षिशास्त्राचा प्रवास लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका त्या मुलाने पाहिला आणि ही कोणती चिमणी, असे विचारले. विचारणे महत्त्वाचे.

माझ्या मामाकडे बंदूक नव्हती, एक गावठी कुत्री होती. काढणीनंतर ज्वारीच्या धसकटांतून जाताना ती एकाएकी थबके, एक पाय उचललेला तसाच राही. आम्हीही श्वास रोखून उभे. मग पायांजवळून भुर्रकन लावे उडत. माळाकडे कसे बघायचे ते मी तिच्याकडून शिकलो, कोणत्याही क्रमिक पुस्तकातून नव्हे.

त्या कथेत परतीच्या वाटेवर कास्यान हळूच कबूल करतो की, तुमची सगळी शिकार मीच दूर घालवली. कशी, ते सांगत नाही. शिकारी वाद घालत नाही. त्या एका पाखराखेरीज त्या दिवशी त्याच्या हाती काही लागलेले नसते.