मुदत संपली म्हणून हक्क संपत नाही

परदेशातल्या कामाच्या परवान्याची मुदत संपली की मानी माणसानं बॅग भरावी आणि परत यावं. त्यानंतरही जो राहतो तो एक तर लाचार, नाही तर लबाड. हे मत आपल्याकडे चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ठामपणे मांडलं जातं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, तेव्हापासून तर या मताला जोर चढला आहे. त्या विमानातले बहुतेक लोक सीमा चोरून ओलांडून गेलेले होते. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये एच-१बी या वर्क व्हिसावर काम करणाऱ्या आणि नोकरी गेलेल्या इंजिनिअरचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. तरीही इकडच्या बोलण्यात दोघे एकाच पंगतीत बसवले जातात.

याच्या अगदी उलट मत तिकडे राहणाऱ्यांमध्ये कानावर येतं. ‘काही होत नाही रे. एवढा मोठा देश, कोण बघतंय? एखादा अर्ज टाकून ठेव आणि बस.’

मला ही दोन्ही मतं अमान्य आहेत. एक मुकाट्यानं निघून जायला सांगतं, दुसरं मुकाट्यानं बसून राहायला. अमेरिकेचा कायदा मुकाट राहणाऱ्याला काहीही देत नाही. मुदतीच्या आत, खऱ्या कारणासह आणि कागदोपत्री मागणाऱ्याला मात्र तो बरंच काही देतो. ते घेणं हा हक्क आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

आधी पहिल्या मताचा पाया पाहू. ‘व्हिसा संपला म्हणजे राहणं बेकायदा’ असं ते गृहीत धरतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का हा दारात दाखवायचा पास आहे. आत किती दिवस राहायचं, ते प्रवेशाच्या वेळी मिळणारी आय-९४ ही नोंद सांगते. व्हिसाची तारीख उलटून गेली आणि आय-९४ ची तारीख पुढची असली, तर तो माणूस पूर्णपणे कायदेशीर आहे. बाहेर जाऊन परत येताना त्याला नवं स्टॅम्पिंग लागेल, एवढंच. यातला खरा धोका उलट दिशेनं येतो. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ त्याच तारखेपर्यंत तोडून देऊ शकतो. एच-१बी ची मंजुरी तीन वर्षांची हातात असते, म्हणून घरातला कोणी ती नोंद उघडून पाहत नाही. नवा पासपोर्ट काढला तरी आय-९४ ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. असा माणूस प्रामाणिकपणे रोज कामाला जात असतो आणि त्याच्या राहण्याची मुदत कधीच संपून गेलेली असते.

‘पण मुदत ठरवायचा अधिकार त्या देशाचा आहे की नाही?’ असं पहिल्या मताचे लोक विचारतात. आहे, निःसंशय आहे. आणि त्या देशानं तो वापरूनच हे नियम केले आहेत. एच-१बी ची एकूण मर्यादा सहा वर्षांची. मात्र कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांपेक्षा अधिक मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब झाली. ही रांग कायद्यानंच निर्माण केली आहे हे ओळखून अमेरिकेच्या काँग्रेसनं २००० साली कायदा केला: मालकानं ग्रीन कार्डसाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर असेल आणि केवळ देशाच्या कोट्यामुळे ग्रीन कार्ड अडलं असेल, तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळेल. त्याच कायद्यानं नवा मालक अर्ज दाखल करताच त्याच्याकडे काम सुरू करण्याची मुभा दिली. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल, तर जुनी तारीख उलटल्यावरही त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. हे सगळं राजपत्रात छापलेलं आहे. याला पळवाट म्हणणाऱ्यानं कायदाच अमान्य केला आहे, आणि मग त्यानं कायद्याच्या नावानं बोलू नये.

आता नोकरी जाण्याचा प्रसंग. सगळ्यांत अधिक माणसं इथेच कोसळतात. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार नोकरी सुटल्यावर सलग ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ ची मुदत आधी संपत असेल तर तोवर, स्टेटस टिकलेलं मानलं जातं. यालाच सगळे ग्रेस पिरियड म्हणतात. ही मोजणी साधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते. लेऑफनंतर हाती पडणारी एकरकमी भरपाई म्हणजे पगार चालू असणं नव्हे. ‘मला तीन महिन्यांचं पॅकेज मिळालंय, तेव्हा पाच महिने आहेत’ या समजुतीनं निर्धास्त बसणाऱ्याचे दिवस कधीच संपलेले असतात. या काळात, नव्या मालकाचा अर्ज दाखल होईपर्यंत, काम करता येत नाही, आणि हे दिवस कमी करण्याचा अधिकार सरकारनं राखून ठेवला आहे, हेही लक्षात घ्यावं.

साठ दिवस ऐकायला बरे वाटतात, प्रत्यक्षात ते तेवढे नसतात. नवा मालक सापडला तरी अर्जाआधी श्रम खात्याकडून लेबर कंडिशन अर्ज मंजूर व्हायलाच कामाचे सातेक दिवस जातात, आणि नव्या मालकाचा अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे मुदतीत पोचावा लागतो. म्हणजे मुलाखती देऊन होकार मिळवायला हाती जेमतेम दीड महिना उरतो. पंधरा वर्षं कर भरणाऱ्यालाही साठच आणि गेल्या वर्षी आलेल्यालाही साठच, हे मला उघड अन्यायाचं वाटतं. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आशियाई-अमेरिकी विषयांवरील सल्लागार आयोगानं ही मुदत १८० दिवस करावी अशी शिफारस केली होती. नियमात मात्र आजही ६० हाच आकडा आहे. ज्या घरातली मुलगी एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-४ स्टेटसवर वाढली, पाचवीपासून तिथल्या शाळेत गेली आणि एकविसाव्या वर्षी त्या स्टेटसमधून बाहेर फेकली जाणार आहे, त्या घराला ‘बॅग भर आणि ये’ हा सल्ला इथून देणं फार सोपं आहे.

नोकरी मिळालीच नाही तरी साठ दिवसांच्या आत करण्यासारखं असतं. पती किंवा पत्नीच्या स्टेटसवर जाण्याचा अर्ज करता येतो. घर आवरून, व्यवहार मिटवून परतायला वेळ हवा असेल, तर बी-२ या पर्यटक स्टेटससाठी आय-५३९ अर्ज देता येतो. असा अर्ज वेळेत दिला असेल, तो पोकळ नसेल आणि मधल्या काळात बेकायदा काम केलं नसेल, तर निकाल लागेपर्यंतच्या दिवसांची गणना बेकायदा वास्तव्यात होत नाही. बी-२ वर नोकरी शोधता येते, मुलाखत देता येते. स्टेटस बदलून मिळाल्याखेरीज काम मात्र करता येत नाही. परवान्याची मुदत संपण्याआधीच मालकानं काढून टाकलं, तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकानं द्यायचा असतो. हा खर्च मागणारे फार थोडे, कारण तो मागता येतो हेच बहुतेकांना माहीत नसतं.

आता दुसऱ्या मताकडे, ‘काही होत नाही’वाल्यांकडे. पहिल्या मतानं माणूस हकनाक संधी गमावतो. या मतानं तो पुढची दहा वर्षं गमावू शकतो. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं परतबंदी, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहून सोडला तर दहा वर्षं. या तरतुदीचा फास बाहेर पडताना आवळतो. त्यामुळे आत असताना खरोखरच काही होत नाही असं वाटत राहतं. मग गावी आईवडील आजारी पडतात, माणूस विमानात बसतो आणि दार बंद होतं. आय-९४ ची तारीख एका दिवसानं चुकली, तरी हातातला व्हिसा रद्द होतो आणि नवा व्हिसा मायदेशातूनच काढावा लागतो. सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्यानं देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा बोजा टाकला, तेव्हा देशातच वैध स्टेटसमध्ये राहून मुदतवाढ किंवा नोकरीबदल मागणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आलं. स्टेटस टिकवण्याची किंमत इतक्या उघडपणे क्वचितच समोर आली असेल.

यातलाच एक धोकादायक प्रकार म्हणजे कागदापुरतं स्टेटस. क्लायंट नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवणारी कन्सल्टन्सी सांगते, ‘पेटिशन चालू आहे, काळजी करू नकोस.’ काम नसलं तरी एच-१बी कर्मचाऱ्याला पगार द्यावाच लागतो, असं कायदा सांगतो. पे-स्टब नसेल, तर पुढच्या अर्जाच्या वेळी स्टेटस सिद्ध करताना हात रिकामे राहतात. दुसरा प्रकार, वर्गात पाऊल न ठेवता नावापुरती विद्यार्थी म्हणून नोंद. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ खुद्द अमेरिकी सरकारनं सापळा म्हणून उभारलं होतं. २०१९ च्या जानेवारीत ते उघड झालं आणि शंभराहून अधिक भारतीय ताब्यात घेतले गेले. सरकारनं तरुणांसाठी असा सापळा लावावा, याचा मला संताप आहे. पण ‘फी भरा, शिकवणीची गरज नाही’ असं ऐकूनही ज्यांनी पैसे भरले, त्यांच्या बाजूनं उभं राहायला कायद्यात जागा उरली नाही, हेही खरं आहे.

कोणी म्हणेल, इतकी कागदपत्रं सांभाळत, दर तीन वर्षांनी धास्तावत राहण्यापेक्षा परतावंच. ज्याला परतायचं आहे त्यानं आनंदानं परतावं. तो निर्णय मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं एवढंच, की परतण्याचा निर्णय शांतपणे, घरच्यांशी बोलून व्हावा. साठ दिवसांचा हिशेब माहीत नसल्यामुळे किंवा शरमेनं कोणाला न सांगितल्यामुळे तो लादला जाऊ नये. नोकरी गेल्याचं पहिले तीन आठवडे बायकोलाही न सांगणारे पुरुष आपल्या समाजात आहेत, आणि पुढे त्या तीन आठवड्यांची भरपाई कोणताही वकील करून देऊ शकत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. गणेशोत्सव आणि अधिवेशनं आपण उत्तम करतो. त्याच मंडपात वर्षातून एक दुपार इमिग्रेशन वकिलाला बोलवा, आणि नोकरी गेलेल्याला पहिल्याच आठवड्यात फोन करता येईल अशी चार माणसं प्रत्येक गावात नेमा. आणि वाचकहो, तुमचं कोणी तिकडे असेल, तर त्यांना आजच घरातल्या प्रत्येकाचा, लहान मुलांचासुद्धा, आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा, आणि पासपोर्टच्या व मंजुरीच्या तारखांशी तो ताडून पाहायला सांगा. तारीख चुकलेली निघाली, तर त्याच दिवशी वकिलाला फोन करा.